मधली पट्टी

आमच्या बांधाच्या डोक्याशी एक पाटी आहे. बांध आमचा, पाटी शेजारच्या सोसायटीची. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर, आमच्याकडं तोंड करून, ठळक अक्षरात लिहिलंय : ‘शेतकरी बंधूंनी सकाळी आठच्या आत बांधावर भांडू नये. लहान मुले झोपलेली असतात. भाषेचे भान ठेवावे.’ ज्याच्यासाठी खास पाटी लागते तो माणूस पुण्यात कायमचा झाला असं समजायला हरकत नाही. म्हणजे मी रावसाहेब आणि माझा थोरला भाऊ धोंडिबाआण्णा, आम्ही दोघंही आता पक्के पुणेकर आहोत.

कोथरूडच्या मागचा डोंगर ओलांडला की पूर्वी आमची बोरवाडी लागायची. आता डोंगराच्या कडेनं रस्ता आला, रस्त्यावरून टोलेजंग इमारती आल्या आणि गाव महापालिकेत गेलं. रानं सगळ्यांनीच दिली, त्यात आम्हीही होतो, त्यामुळं कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नाही. घरामागचा तुकडा तेवढा दोघा भावांनी राखला. एका बाजूला सोसायटी, दुसऱ्या बाजूला मोटारींचं गॅरेज, मध्ये आमचं रान. वरच्या बाल्कनीतून कुणी ओला टॉवेल झटकला तर थेंब दोघांच्याही वाफ्यात पडतात. मी त्यात गुरांना लसूणघास आणि बाजाराला मेथी करतो, आण्णा लसूणघास आणि कोथिंबीर करतो. माझ्या दोन गायी आहेत, त्याची एक म्हैस आहे, आणि दोघांच्या मध्ये बांध आहे.

वडलांच्या काळी ह्या बांधावरून बैलगाडी जायची. मी शाळेत असताना सायकल जायची. आता चालायचं म्हटलं तर एका पायापुढं दुसरा पाय ठेवत जावं लागतं आणि मांजरसुद्धा मधेच थांबून विचार करतं. एवढा मोठा बांध गेला कुठं, असं कुणी विचारलं तर आम्ही दोघं एकमेकांकडं बोट दाखवतो.

शहरातल्या माणसाला बांध कोरणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पाणी धरताना, खुरपताना कुदळीचा एक घाव बांधाच्या पोटात घालायचा आणि निघालेली माती आपल्या वाफ्यात ओढायची. हंगामाला चार बोटं. बघणाऱ्याला कळत नाही आणि कोरणाऱ्याला झोप गाढ लागते. मी काही चोर माणूस नाही. मंडईत कुणी चुकून जास्तीची जुडी दिली तर माघारी देतो. पण कुदळ हातात असली आणि बांध समोर असला की माझा हात माझं ऐकत नाही. आण्णा कोरतो हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी कोरत होतो. तो कशासाठी कोरतो हे मी त्याला कधी विचारलं नाही.

विचारायला आमचं बोलणं कुठं होतं? कैक वर्षं आम्ही फक्त भांडायलाच तोंड उघडत होतो. आधी मी त्याला ‘अहो आण्णा’ म्हणायचो, भांडण लागल्यापासून अरे-तुरेवर आलो. माझी बायको दुर्गा आणि वहिनी मात्र परसदाराच्या भिंतीवरून कालवणाची वाटी देत-घेत होत्या. आण्णाच्या घरची आमटी मी आवडीनं खायचो आणि खाऊन झाल्यावर बांधावर जाऊन त्याला शिव्या घालायचो. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये रुपालीचं लग्न आलं. रुपाली माझी एकुलती एक. आण्णाला मूलबाळ नाही, त्यामुळं ती निम्मी त्याची. ती चालायला शिकली आण्णाचं बोट धरून आणि जत्रा बघितली आण्णाच्या खांद्यावरून. पुढं ती कॉम्प्युटरचं शिकली, कंपनीनं तिला चेक देशात धाडलं, तिथं तोमाश नावाचा पोरगा तिला भेटला. त्यांनी तिकडं सही करून लग्न उरकलं आणि दोघं त्याच्या आईबापांपाशी, डोंगरातल्या एका गावात राहायला गेली. घरात बसून काम करता येतं म्हटल्यावर कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्हाला एवढंच सांगितलं की मार्गशीर्षात बोरवाडीत येऊन, मांडव घालून, आपल्या रीतीनं पुन्हा लग्न लावायचं. मी खूश झालो. तेवढ्यात तिनं फोनवर पुढचं ऐकवलं.

“पप्पा, क्लिअर सांगते. मांडवाची मेढ आण्णांनी रोवायची. आण्णा मांडवात नसले तर मीपण नसणार. तोमाशच्या घरच्यांना मी सांगून ठेवलंय की माझे दोन बाप आहेत.”

मी म्हणालो, मग मी काय त्याच्या पाया पडू? ती म्हणाली, पडा की, थोरले आहेत. आणि तिनं फोन ठेवला. म्हणजे पोरीचं लग्न पत्रिकेवर नाही, मुहूर्तावर नाही, आमच्या त्या वीतभर बांधावर अडून राहिलं.

मार्गशीर्षाला वेळ होता. त्याआधी व्याही बघायचे म्हणून रुपालीनं मला आणि दुर्गाला तिकडं बोलावून घेतलं. त्यांचा उन्हाळा चालू होता. दुर्गानं तो स्वेटर घालून काढला.

त्या गावाचं नाव घ्यायला दुर्गाला आठवडा लागला, मला अजून यायचं आहे. पोलंडच्या हद्दीला खेटून डोंगर आहे, डोंगराला काळपट उंच झाडांचं रान आहे आणि रानाच्या खाली उतारावर गाव आहे. घरं लाकडाची, जोती दगडाची, छपरं अशी उभी की बर्फ टिकू नये. एक चर्च आहे, ते सणासुदीला उघडतं. एक दुकान होतं, ते बंद पडलं. गाव पूर्वी चांगलं भरलेलं होतं म्हणे, आता मोजक्या घरांतून धूर निघतो. आमच्या गावात माणसं मावेनात आणि ह्यांच्या गावात माणूस सापडेना. दोन्ही गावं एकत्र कालवून सारखी वाटली असती तर दोघांचंही बरं झालं असतं.

व्याही कारेल, माझ्याच वयाचे. लालबुंद तोंड, बोलणं कमी. भेटल्याबरोबर त्यांनी माझा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघितला. रुपालीनं माझी ओळख शेतकरी म्हणून करून दिली होती. मीही मिशीवर हात फिरवून मान हलवली. शेती म्हणजे बाल्कनीखालचे चार वाफे, हे सांगायचं राहून गेलं.

तिथं तेव्हा गवताचा हंगाम होता. उतारावरचं कंबरभर गवत कापायचं, वाळवायचं आणि पाऊस यायच्या आत गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं, कारण पुढं सगळा हिवाळा गायींना तेच खायचं असतं. कापायला आपला विळा नाही. माणसाच्या उंचीचा दांडा आणि त्याला हातभर लांब वाकडं पातं, उभ्यानं फिरवायचं. दव असेपर्यंत कापायचं, कारण ओलं गवत चांगलं कापतं. कारेल फिरवायचे तेव्हा नुसता सर्र आवाज यायचा आणि गवत ओळीत निजायचं. मी पहिल्यांदा फिरवलं तेव्हा पात्याचं टोक जमिनीत गेलं. दुसऱ्यांदा दगडावर गेलं. तिसऱ्यांदा कारेल बाजूला झाले आणि त्यांनी माझ्या हातात लाकडी दंताळं दिलं. गवत उलटायचं ते काम तिथं सहसा बायका करतात, हे दुर्गानं मला मुद्दाम रुपालीकडून विचारून घेऊन सांगितलं.

पण मीही हट्टी. रोज पहाटे उठून घरामागं आडोशाला जाऊन पातं फिरवायला शिकलो. दोनचार दिवसांत गवत कापलं जाऊ लागलं. ते कापल्यावर न्हाव्यानं अर्धवट सोडल्यासारखं दिसायचं, पण कापलं जायचं एवढं खरं.

कारेलच्या कुरणाचं वरचं टोक म्हणजे देशाची हद्द. मला वाटलं होतं, तार असेल, बंदूकवाला असेल, निदान झेंडा तरी असेल. तिथं गुडघ्याएवढे पांढरे दगड होते, लांब लांब अंतरावर रोवलेले. अलीकडं चेक, पलीकडं पोलंड. पूर्वी पहारा होता, आता कुणी विचारत नाही. कारेलनी मला दाखवायला पलीकडं उडी मारली आणि परत अलीकडं मारली. मी एक पाय टाकून बघितला. दुर्गा गेली नाही, कारण पासपोर्ट घरात होता.

पलीकडं स्ताशेक नावाचा शेतकरी होता. त्याचंही कुरण, त्याच्याही गायी. तो लांबून टोपी हलवायचा, कारेलही हलवायचे. ते बघून माझ्या मनात शंका आली होतीच. शेजारी इतका गोड वागतो तेव्हा बांधाकडं नीट बघावं, हे मी अनुभवानं शिकलोय.

एक दिवस कारेल दात दाखवायला शहरात गेले, त्यांची बायको आणि तोमाश गाडीतून सोबत गेले. जाताना त्यांनी रुपालीकडून मला सांगितलं, खालचं सगळं झालंय, वरचं राहू दे, आज विश्रांती घ्या. रुपाली वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. मी पातं खांद्यावर टाकलं आणि वरचं म्हणजे काय राहिलंय ते बघायला चढून गेलो.

बघतो तर पांढऱ्या दगडांच्या अलीकडं चांगली गाडीवाटेएवढी पट्टी कारेलनी न कापता ठेवलेली. दगडांच्या पलीकडंही तेवढीच पट्टी उभी, आणि तिच्या पुढं स्ताशेकचं कापून साफ झालेलं रान. माझं डोकं एकदम चालायला लागलं. आमच्याकडं बांधालगतचं गवत जो सोडतो तो पुढच्या वर्षी जमीन सोडतो. कारेल भोळे आहेत, तो टोपीवाला हळूहळू आत सरकतोय, आणि माझ्या पोरीच्या घरची जमीन परक्या देशात चाललीय. मी विश्रांती घ्यायला बसलो असतो तर बाप कसला?

मी आपल्या बाजूची पट्टी कापली. दगडांपर्यंत आलो. दगडांपाशी थांबायला पाहिजे होतं, पण आमची एक पद्धत आहे. बांध जागेवर ठेवायचा असेल तर आधी थोडं पुढं जायचं, मग तडजोडीत मागं सरायचं, म्हणजे मूळ जागा तरी हाताला लागते. म्हणून दगडांच्या पलीकडं चार हात कापलं. ते गवत दंताळ्यानं ओढून अलीकडं आणलं. शिवाय रानातल्या वाळक्या फांद्या आणून पलीकडं ओळीनं टाकल्या, कुंपण असावं म्हणून. आण्णाच्या बांधावर मी आयुष्यभर बोटं-बोटं कोरत आलो आणि इथं एका सकाळीत मी पोलंडची हद्द मागं सारली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात स्ताशेक घरातून बाहेर आला आणि कपाळावर हात धरून माझ्याकडं बघायला लागला. आता भांडण होणार हे मला ठाऊक होतं, आणि भांडण आधी सुरू करणाऱ्याचा हात वर राहतो हेही ठाऊक होतं. मी पातं उंच धरलं आणि बोरवाडीच्या बांधावरचा आवाज लावला. माझं जे काही पाठ होतं ते सगळं म्हटलं. त्याच्या आजोबापासून म्हशीपर्यंत कुणाला सोडलं नाही, म्हैस त्याच्याकडं नव्हती तरी. शेवटी म्हणालो :

“ए टोपीवाल्या, पोरीचं सासर हाय माझ्या. एक पाऊल हिकडं टाकलंस तर तंगडं हातात दीन.”

स्ताशेकनं सगळं ऐकून घेतलं. मग टोपी हलवली, घरात गेला आणि पातं घेऊन बाहेर आला. मागून त्याची बायको दंताळं आणि टोपली घेऊन निघाली. भाऊबंदकीत मार खाल्ला असता तर दवाखाना तरी ओळखीचा होता. पण पळून जावं तर व्याह्यांच्या गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी पाय रोवून उभा राहिलो.

तो आला. माझ्या फांद्या त्यानं पायानं बाजूला केल्या, टोपी काढून माझ्याकडं बघून मान लववली, कमरेला लटकवलेल्या, पाणी भरलेल्या शिंगातला धारेचा दगड काढून पात्याला धार लावली आणि त्याच्या बाजूनं उभी पट्टी कापत माझ्या दिशेनं यायला लागला. म्हणजे हा बळजबरीनं घेतोय, असं मी समजलो आणि मीही माझ्या बाजूनं जोरात सुटलो. तो कापतोय, मी कापतोय, तोंडं समोरासमोर. घामानं माझा शर्ट अंगाला चिकटला, हाताला फोड आले, पण मी मागं हटलो नाही. पट्टी संपली तेव्हा दोघांची पाती एकमेकांपासून हातभर अंतरावर थांबली. स्ताशेक त्या हद्दीच्या पांढऱ्या दगडावर बसला, माझ्याकडं बघून हसला आणि शेजारच्या गवतावर थाप मारून बस म्हणाला. त्याच्या बायकोनं दगडाशेजारी फडकं पसरून पाव, लोणी, उकडलेली अंडी काढली.

मी पातं हातात घेऊन तसाच उभा होतो. खालून रुपाली धापा टाकत आली, आणि तिच्या मागोमाग शहरातून परतलेले कारेल, त्यांची बायको आणि तोमाश. कारेलनी कापलेली पट्टी बघितली, मला बघितलं आणि त्यांच्या त्या लाल तोंडावर पहिल्यांदाच मला मोठं हसू दिसलं. मग रुपालीनं मला सगळं सांगितलं.

सीमा बंद होती तेव्हा इकडच्या माणसाला तिकडं जाता येत नव्हतं, बोलायलाही बंदी. कारेलचा बाप आणि स्ताशेकचा बाप मित्र होते. त्यांनी एक युक्ती काढली. दोघांनी हद्दीलगतची पट्टी शेवटपर्यंत ठेवायची. एका दिवशी एकानं शेतातून मोठ्यानं आरोळी द्यायची, जशी गुरं वळताना देतात तशी. मग दोघांनी एकदमच यायचं आणि समोरासमोर कापत कापत, माना खाली घालून, वर्षभराचं बोलून घ्यायचं. काम करणाऱ्या माणसाला पहारेकरी काय म्हणणार? सीमा उघडली तरी पोरांनी ती रीत मोडली नाही. पट्टी राखायची, एकानं आरोळी द्यायची, दोघांनी मिळून कापायची आणि हद्दीवर बसून जेवायचं. अजून एक ठरलेलं होतं. त्या पट्टीचं गवत ज्याचा माळा त्या वर्षी कमी भरला असेल त्याचं.

“आणि पप्पा,” रुपाली म्हणाली, “स्ताशेक विचारतायत, तुम्ही काय ओरडत होता? त्यांना फार आवडलं. त्यांचे वडील असेच पोटातून ओरडायचे म्हणे.”

मी तिच्याकडं बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिची खिडकी उघडी होती, आणि माइकही. मीटिंगमधल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांनी मला ऐकलं होतं, फक्त समजलं एकट्या तिलाच. ती स्ताशेककडं वळून हळू आवाजात काहीतरी बोलली. स्ताशेकनं ऐकलं, उठला आणि त्यानं मला मिठी मारली.

काय सांगितलंस, मी विचारलं.

“म्हटलं, पप्पा म्हणत होते, थोडंच राहिलंय, या, मिळून संपवू आणि मिळून जेवू.”

मला लाज वाटली. भाषा कळली नाही म्हणून त्या माणसानं माझ्या शिव्यांचं आमंत्रण करून घेतलं होतं, आणि आमच्या बांधावर भाषा कळत असूनही आम्ही आमंत्रणाची शिवी करत आलो होतो. त्यात त्या वर्षी माळा कमी भरला होता स्ताशेकचा. म्हणजे मी ओढून अलीकडं आणलेलं सगळं गवत, शिवाय आमच्या बाजूच्या पट्टीचंही, उचलून पलीकडं न्यायचं होतं. ते मीच नेलं. दुसऱ्याच्या बांधापलीकडं काही नेऊन टाकायची माझी ती पहिलीच खेप.

उतरताना रुपाली माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, “मी त्यांना खोटं सांगितलंय पप्पा. ते आपल्या बांधावर जाऊन खरं करा. मी मार्गशीर्षात येते की नाही, ते त्याच्यावर.”

पुण्यात परत आलो तेव्हा पाऊस सरत आला होता. आमच्या घासाची कापणी दर महिन्याला असते. दिवाळी झाली, घास कापायला आला, तेव्हा मी सगळा कापला आणि बांधालगत दोन हातांची पट्टी ठेवली. तोंडानं कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं तेच सुचत नव्हतं. आण्णाही त्याच्या बाजूचा घास कापत बांधापर्यंत आला. माझी पट्टी बघून तो थबकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच्याही बाजूला बांधालगत घास तसाच उभा, आणि आण्णा त्याच्या कडेला पोतं टाकून बसलेला. दिवसभर बसला. तिसऱ्या दिवशीही बसला.

मी दुर्गाला म्हणालो, राखण करतोय, मी सरकारी मोजणी आणीन म्हणून भ्यायलाय. तिनं वहिनीकडून आलेली वाटी माझ्यापुढं जरा आपटून ठेवली.

घास वाढला, त्याला जांभळी फुलं आली, दांडे निबर झाले. गायी दावं ताणायला लागल्या. सोसायटीतली मुलं खाली येऊन फुलांचे फोटो काढून गेली. रुपाली फोनवर विचारायची, झालं का, आणि मी म्हणायचो, चाललंय. आरोळी काही घशातून येत नव्हती. शिवी एवढी पटकन येणारा घसा तो, पण ‘या’ म्हणायचं म्हटलं की कोरडा पडायचा. आण्णानं नाही म्हटलं तर पोर यायची नाही, ह्या भीतीनं मी रोज उद्यावर टाकत होतो.

शेवटी एका सकाळी दुर्गानं माझ्या हातात विळा दिला, मागच्या दारातून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. मी बांधापाशी गेलो. आण्णा पोत्यावर बसलेलाच होता. मनात गोड-गोड वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी त्याचं तोंड बघून उडाली. एकच आवाज येत होता तो आला.

“आण्णा, ऊठ.”

वर दोनतीन बाल्कन्यांचे दरवाजे उघडले. आण्णा उठला. बाजूला पडलेली कुदळ त्यानं हातात घेतली.

“काय हाय?”

“घास ठेवलाय.”

“दिसतोय.”

“तू त्या अंगानं काप, म्या ह्या अंगानं कापतो. घास तुझ्या म्हशीला.”

आण्णानं कुदळ काही खाली ठेवली नाही. जे बोलायचं ते राहूनच जातंय असं वाटलं आणि मी डोळे मिटून बोलून टाकलं :

“रुपीचं लगीन हाय आण्णा. मेढ तुमीच रवायची म्हणती. न्हायतर ती यायची न्हाय.”

‘तुमी’ कधी तोंडातून गेलं ते मलाही कळलं नाही. आण्णाला कळलं. त्यानं मान दुसरीकडं वळवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

“ठावं हाय मला,” तो म्हणाला. “पोरीनं फोन केलावता. म्हणली, आण्णा, पप्पा हाक मारत्याल, तवर हितनं हलू नका. कवापास्नं बसलोय. पायाला मुंग्या आल्या तुझी वाट बघून.”

मी त्याला राखणदार समजत होतो आणि तो माझ्या हाकेची वाट बघत बसला होता. मी खाली वाकून घास कापायला लागलो, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. तोही पोत्याखालचा विळा काढून पलीकडून कापायला लागला. पट्टी केवढीशी, लगेच संपली. मग तो म्हणाला, मेढ रवायची तर जागा धरून ठिवू. मी म्हणालो, बांधावरच रवा, म्हणजे दोघांचा मांडव. त्यानं बांधावर कुदळ लावून बघितली. पहिल्या घावालाच दोन्ही बाजूंची माती ढासळली. आंब्याचा साधा डहाळा उभा राहील एवढीही रुंदी त्या बांधाला उरली नव्हती.

“हितं कुठं रवू? निम्मा बांध तर तू खाल्लास.”

“आन निम्मा?”

आण्णानं कानामागं खाजवलं. “निम्मा म्या.”

आम्ही दोघं उभे राहिलो आणि वडलांच्या गाडीवाटेकडं बघितलं. मग मी माझ्या वाफ्यातली माती फावड्यानं ओढून बांधाला लावली. त्यानंही त्याच्या वाफ्यातली लावली. मी चार फावडी टाकली की तो पाच टाकायचा, त्याला मोठेपणा सोडवत नव्हता, म्हणून मी सहा टाकायचो. वरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी, आमोद त्यांचं नाव, कठड्यावरून वाकून हाक मारली.

“अहो, आपलं काय चाललंय? अजून आठ वाजले नाहीत.”

“भांडत न्हाय वो सायेब,” आण्णा म्हणाला. “बांध घालतोय.”

“तेच विचारतोय. आवाज येत नाहीये म्हणून आमची मंडळी काळजीत पडली.”

मार्गशीर्षात लग्न झालं. मेढ आण्णानं बांधावर रोवली, खड्डा मी खणला. रुपाली आधी त्याच्या पाया पडली, मग माझ्या. कारेल जेवण झाल्यावर हात धुऊन मागं आले आणि रुपालीला विचारून घेतलं की दोघा भावांची हद्द कुठं आहे. मी दाखवली. त्यांनी बांधावरून आण्णाच्या रानात उडी मारली आणि परत माझ्या रानात मारली.

आता त्या बांधावरून पुन्हा सायकल जाते. पाटी अजून आहे, सोसायटीनं काढली नाही, आणि तेही बरोबरच आहे. कारण कुदळ हातात घेऊन मी बांधापाशी गेलो की माझा हात अजून वळवळतो. मग मी वर बघतो, तर पलीकडं आण्णाही कुदळ घेऊन उभा असतो आणि माझ्या हाताकडं बघत असतो. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच उभे राहतो, आणि मग खाली बसून आपापल्या बाजूचं गवत काढायला लागतो.